अंबाजोगाईचा जन्मदाखला

माणसाचा जन्मदाखला नगरपालिकेत मिळतो. पण गावाचा जन्मदाखला कुठे मागायचा? बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत गेलो की हा प्रश्न मला हटकून पडतो. बालाघाटच्या डोंगररांगेवर, जयंती नदीच्या काठी वसलेलं हे तालुक्याचं गाव. वैद्यकीय महाविद्यालय, शाळा, कॉलेजं, बाजारपेठ असं सगळं तिथं आहे. रेल्वेनं यायचं तर मात्र परळीला उतरायचं आणि पुढचा रस्ता एस.टी.नं धरायचा. हे गाव वसवलं कुणी आणि कधी, असं तिथल्या माणसांना विचारलं की मला तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात. गंमत अशी, की त्या तिन्ही उत्तरांत काही ना काही तथ्य आहे. आज आपण ती तिन्ही उत्तरं जरा पारखून बघू या.

पहिलं उत्तर देवीचं. देवळाच्या पायरीवर बसलेल्या कुठल्याही आजीबाईंना विचारा, त्या गोष्ट सांगतील. परळीच्या वैजनाथाशी योगेश्वरीचं लग्न ठरलं होतं. वऱ्हाड निघालं, पण वाटेत उशीर झाला, मुहूर्त टळला. लग्न राहिलं ते राहिलंच. देवी इथंच कुमारिका म्हणून राहिली आणि वऱ्हाडाचा जागच्या जागी दगड झाला. पुरावा म्हणून आजी आपल्याला गावाजवळच्या हत्तीखान्याकडे बोट दाखवतात. तिथे खरोखरच दगडाचे हत्ती उभे आहेत, नंदीचा मंडप आहे आणि खडकात कोरलेली खांबांची प्रशस्त ओवरी आहे.

हत्तीखाना म्हणजे एक शिवलेणं आहे. यादवांचे शिलालेख या गावात कोरले जाण्याच्या आधीच ते खोदलेलं होतं. कुणी खोदवलं, हे लोक विसरले आणि त्या विस्मरणाची जागा गोष्टीनं भरून काढली. आपल्याकडे असं पुष्कळ ठिकाणी घडलं आहे. वेरूळ, अजिंठ्यापासून लहानसहान लेण्यांपर्यंत, कर्त्याचं नाव पुसलं गेलं की लोक ते काम पांडवांच्या नावावर टाकतात, नाही तर देवाच्या.

तरी ती गोष्ट मी टाकाऊ म्हणणार नाही. ती दोन कामाच्या गोष्टी सांगते. एक म्हणजे परळी आणि आंबे या दोन ठिकाणांचा संबंध फार जुना आहे. शिव एका गावी आणि शक्ती दुसऱ्या गावी, मधे पंचवीसेक किलोमीटरची वाट; यात्रेकरू एकाचं दर्शन घेऊन दुसऱ्याकडे जाणार, हे ओघानंच आलं. दुसरी गोष्ट लेण्याची. एवढं लेणं खोदायला पाथरवटांना वर्षानुवर्षं काम लागतं. त्यांना रोज भाकरी लागते, छिन्नी-हातोड्याला धार लावून देणारा लोहार लागतो, पाणी लागतं आणि खर्च सोसणारा कुणी तरी लागतो. म्हणजे दगडाचे हत्ती घडत होते तेव्हा आसपास नांदती वस्ती होती. गाव आपल्याला जिथं पहिल्यांदा दिसतं, तिथं ते आधीच चालतं-बोलतं झालेलं असतं.

आता दुसरं उत्तर. हे मराठी शिकवणाऱ्या मास्तरांकडून येतं. ते म्हणतात, हे मुकुंदराजांचं गाव. 'विवेकसिंधू' हा मराठीतला आद्य ग्रंथ इथं लिहिला गेला आणि ज्याच्यासाठी लिहिला, तो राजा जैत्रपाल इथं राज्य करत होता. गावाबाहेरच्या दरीत मुकुंदराजांची समाधी आहे. बालाघाटचा कडा तिथं एकदम खाली उतरतो. पावसाळ्यात त्या दरीत उतरलं की हा मनुष्य इथं येऊन बसला असेल, असं वाटल्यावाचून राहत नाही.

पण वाटणं आणि ठरणं यांत फरक असतो. 'विवेकसिंधू'चा काळ परंपरेनं शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ सांगितला जातो. ज्या अंबानगरीत तो रचला गेला, ती आपली अंबाजोगाई असं मराठवाडा मानतो. ती वैनगंगेच्या काठचं अंभोरा आहे, असं विदर्भातले अभ्यासक म्हणतात. दोन्ही बाजूंनी विद्वानांनी मोठी शक्ती खर्च केली आहे. जैत्रपालाचं तर आणखी अवघड. देवगिरीच्या यादवांत जैत्रपाल नावाचा राजा होऊन गेला हे खरं. पण ११८८ साली देवगिरीच्या गादीवर त्याचा बाप भिल्लम होता. जैत्रपालाची पाळी त्याच्यानंतर, ११९१च्या सुमारास आली. म्हणजे ग्रंथाचा शक आणि यादव जैत्रपाल यांचा मेळ सहजासहजी बसत नाही.

या वादात मी न्यायाधीश होणार नाही. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुकुंदराज इथले ठरले काय आणि अंभोऱ्याचे ठरले काय, त्यामुळे गावाचं वय बदलत नाही. कवी एखाद्या गावात राहायला येतो. तो गाव वसवत नाही. उलट, आपल्या गावाशी मराठीतल्या पहिल्या ग्रंथाचं नातं जोडावं, असं ज्या गावाला शतकानुशतकं वाटत आलं, त्या गावाची विद्येची हौस यातून कळते.

तिसरं उत्तर दगडावर लिहिलेलं आहे. ते सांगायला आजी लागत नाहीत की मास्तर लागत नाहीत. ते वाचता यावं लागतं.

यादव राजा सिंघण, दुसरा सिंघण, याची कारकीर्द साधारण १२१० ते १२४७. यादवांच्या सत्तेचा विस्तार सर्वांत जास्त झाला तो याच काळात. त्याचा एक मातब्बर सेनापती होता, खोलेश्वर. जातीनं ब्राह्मण, पेशानं लढवय्या. खानदेश, विदर्भ, माळवा, गुजरात या दिशांना झालेल्या यादवांच्या स्वाऱ्यांत त्याचं नाव येतं. या खोलेश्वराचं आणि त्याच्या घराण्याचं ठाणं म्हणजे आपलं आंबे. त्यांचे संस्कृत शिलालेख या गावात सापडले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे ग. ह. खरे यांनी ते वाचून छापले, तेव्हा खोलेश्वर हा माणूस इतिहासात पुन्हा उभा राहिला.

शिलालेख वाचतात कसा, हेही सांगतो. आधी दगड पाण्यानं आणि मऊ ब्रशनं स्वच्छ करायचा. मग ओला कागद त्यावर अंथरून हलक्या हातानं ठोकत राहायचं, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचेत बसतो. त्यावर शाईचा बोळा फिरवला की खोलगट अक्षरं पांढरी राहतात आणि बाकीचं काळं होतं. यालाच ठसा घेणं म्हणतात. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतो आणि आकडा झिजला असेल तर संवत्सराचं नाव मदतीला येतं. गुढीपाडव्याला पंचांग वाचताना आपण संवत्सराचं नाव ऐकतो आणि विसरतो. इतिहासकाराला मात्र ते नाव घड्याळातल्या काट्यासारखं उपयोगी पडतं.

या लेखांपैकी एक आहे शके ११५०चा, म्हणजे इसवी सन १२२८चा. तो सकलेश्वराच्या मंदिराचा. सकलेश्वर म्हटलं तर गावात कदाचित कुणी चटकन वाट दाखवणार नाही. बाराखांबी म्हणा, लगेच दाखवतील. मंदिराचं वैभव गेलं, खांब तेवढे डोळ्यांत भरण्यासारखे उरले, म्हणून लोकांनी खांब मोजून नाव ठेवलं. सर्रास आपण अशा देवळाला 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. पण हिशेब करून बघा. हेमाद्री पंडित यादवांचा मंत्री म्हणून पुढे आला तो महादेव यादवाच्या काळात, १२६० नंतर. सकलेश्वराचं मंदिर त्याच्या आधी तीस वर्षं उभं होतं. २०२४ साली पुरातत्त्व खात्यानं या मंदिराच्या आवारात खोदकाम केलं, तेव्हा आणखी दोन मंदिरांचे पाये जमिनीखालून निघाले. वर दिसणारे खांब म्हणजे एका मोठ्या पसाऱ्याचा उरलेला तुकडा होता तर!

मग खोलेश्वरानं हे गाव वसवलं म्हणायचं का? माझं उत्तर आहे, नाही. याला कारण विदर्भात सापडतं. अमरावती जिल्ह्यात खोलापूर नावाचं गाव आहे. ते खोलेश्वरानं ब्राह्मणांना दान दिलेलं अग्रहार, त्याच्याच नावानं वसलेलं, असं अभ्यासक मानतात. नवं गाव वसवलं तेव्हा या माणसानं त्याला स्वतःचं नाव दिलं. आंब्याला मात्र दिलं नाही, कारण आंब्याला आधीच नाव होतं, देवी होती, लेणं होतं. तो इथं आला तो नांदत्या गावात. त्यानं जे केलं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं. त्यानं गावाचं नगर केलं.

देवळं बांधल्यानं गावाचं नगर कसं होतं? यादवांच्या काळात देऊळ किंवा मठ उभा राहिला की त्याच्या पाठोपाठ एक अख्खं अर्थकारण उभं राहत असे. चाळीसगावजवळच्या पाटण इथं शके ११२८ मधला एक शिलालेख आहे. प्रसिद्ध गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याच्या मठाला दिलेलं दान त्यात नोंदलं आहे. त्यातला मराठी मजकूर पाहिला तर गंमत वाटते. मठाला नुसती जमीन दिलेली नाही, तर बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा आणि तेलाच्या घाण्यावरचा वाटासुद्धा लावून दिला आहे. म्हणजे देवापुढचा दिवा बाजाराच्या तेलावर जळत होता.

आंब्याचंही चित्र आपण याच उजेडात डोळ्यांसमोर आणू शकतो. देऊळ म्हटलं की पुजारी आला, फुलं आणणारा माळी आला, तेली आला, तांबोळी आला, वाजंत्री आले. देवळाला मिळालेली जमीन कसायला कुळं आली. शिकायला विद्यार्थी आले, त्यांच्या जेवणाची सोय आली. सेनापतीचं ठाणं म्हटलं की घोडे, घोड्यांचा दाणा-वैरण आणि कातडं कमावणारे आले. आणि एवढ्या सगळ्यांना पाणी हवं, म्हणून बारवा आल्या. गाव शेतावर जगतं. नगर जगतं ते एकमेकांच्या गरजांवर.

पण सेनापतीच्या पैशातून आलेल्या या वैभवाला दुसरी बाजूही होती, आणि तीही दगडावरच लिहिलेली आहे. खोलेश्वराला एक मुलगा होता, राम. बापानंतर तोही यादवांचा सेनापती झाला. गुजरातेवरच्या स्वारीत तो सैन्य घेऊन नर्मदेपर्यंत गेला आणि तिथल्या लढाईत पडला. सैन्य परत येतं, माणूस येत नाही, तेव्हा घरावर जे येतं ते त्या घरावरही आलं असणार. रामाला एक बहीण होती, लक्ष्मी. तिनं भावाच्या स्मरणार्थ आंब्याला विष्णूचं मंदिर बांधलं, रामनारायणाचं. देवाच्या नावात भावाचं नाव. त्या लेखाचा काळ शके ११६२, म्हणजे इसवी सन १२४०.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तेराव्या शतकातल्या बायका फारशा भेटत नाहीत. ज्या भेटतात, त्या कुणाची तरी राणी किंवा कुणाची तरी आई म्हणून. इथं एक बहीण भेटते, आणि तीसुद्धा स्वतःच्या नावानं बांधकाम करणारी. १२२८च्या मंदिरात सेनापतीचं यश आहे, १२४०च्या मंदिरात त्याच यशाची किंमत आहे. मधे फक्त बारा वर्षं.

आता जरा लांब, युरोपात जाऊन येऊ. याच शतकात पोलंडमध्ये गावं वसवण्याची एक ठरीव पद्धत होती. राजानं किंवा जमीनदारानं सनद द्यायची. तिच्यात चौक, रस्ते, घरांच्या जागा, बाजाराचे हक्क, न्यायनिवाड्याचे नियम, सुरुवातीची काही वर्षं करमाफी, हे सगळं लिहायचं. हे नियम जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहराच्या कायद्यावरून घेतलेले असत. क्राकूव्ह शहराला अशी सनद ड्यूक बोलेस्लावनं ५ जून १२५७ रोजी दिली. आमच्या लक्ष्मीनं मंदिर बांधलं त्यानंतर अवघ्या सतरा वर्षांनी! पोलंडमधली पुष्कळ लहान गावंही अशी सनदेची तारीख जपतात आणि तिचे वाढदिवस साजरे करतात.

आपल्याकडे पुढच्या काळात पेठ वसवताना व्यापाऱ्यांना कौल देत, करमाफी देत, ती रीत याच्या जवळची. पण तेराव्या शतकातल्या आंब्याला अशी सनद मिळाल्याचं दिसत नाही. म्हणून आपण त्यांच्यापेक्षा कमी ठरतो का? तसं नाही. क्राकूव्हसुद्धा १२५७च्या आधी शेकडो वर्षं नांदतं होतं. १२४१ साली मंगोलांच्या स्वारीत ते उद्ध्वस्त झालं आणि सनदेनं त्याची नव्यानं आखणी केली. सनद आली म्हणून गाव जन्मलं, असं तिथंही झालं नाही. कागदावरची तारीख आणि मातीतली वस्ती यांचं वय सहसा जुळत नाही, ना विस्तुला नदीच्या काठी, ना जयंतीच्या.

आता गावाच्या नावाकडे या. जुनं नाव आंबे. आंबे नावाची गावं महाराष्ट्रात अनेक, म्हणून ओळख सांगायला देवी जोडली: जोगाईचं आंबे. योगेश्वरीची जोगाई झाली, हे आपल्या जिभेचं काम. परळी वैजनाथ, औंढा नागनाथ ही नावं अशाच धाटणीची. आधी गाव, मग देव. पुढे निजामाच्या राज्यात कागदोपत्री नाव आलं मोमिनाबाद. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी इथं होती आणि जुन्या सरकारी दप्तरात, जनगणनेच्या पुस्तकांत मोमिनाबाद तालुकाच सापडतो. स्वातंत्र्यानंतर जुनं नाव अंबाजोगाई या रूपात अधिकृत झालं.

मोमिनाबाद हे नाव ऐकलं की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. मला वाटतं, आठ्या घालायचं कारण नाही. ज्याला या गावाचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास लिहायचा असेल, त्याला मोमिनाबादच्या नावाखालचीच कागदपत्रं उघडावी लागतील. स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते, तेव्हाही सरकारी टपालावर मोमिनाबादच होतं. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करणारा हा माणूस याच मोमिनाबादेत मुलं घडवत होता. आज त्यांचं नाव गावातल्या वैद्यकीय महाविद्यालयाला आहे.

यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. गाव एकदाच वसत नाही. लेणं खोदणाऱ्यांनी ते वसवलं, खोलेश्वर आणि लक्ष्मीनं वसवलं. सोळाव्या-सतराव्या शतकात दासोपंतांनी वसवलं. चाळीस फूट लांब कापडावर अक्षरं आणि आकृत्या रेखून त्यांनी जी पासोडी लिहिली, तसं हस्तलिखित दुसरं दाखवणं कठीण. छावणीतल्या घोडेस्वारांनी वसवलं, शाळामास्तरांनी वसवलं. सह्याद्री ओलांडून, चिपळूण-रत्नागिरीकडून कुलदेवीच्या दर्शनाला येणाऱ्या कोकणस्थ घराण्यांनीही आपल्या परीनं वसवलं, कारण इतक्या दुरून माणसं येतात म्हणूनच मार्गशीर्षातली यात्रा भरते आणि बाजार चालतो.

म्हणून 'आमच्या गावाचा संस्थापक कोण' या प्रश्नावर भांडण करण्यापेक्षा जे पुरावे शिल्लक आहेत ते जपणं मला निकडीचं वाटतं. जुन्या गावांत मी अक्षरं कोरलेले दगड भलत्याच जागी पाहिले आहेत: कुणाच्या उंबऱ्याला, कुणाच्या धुण्याच्या जागी, कुठे गटाराच्या कडेला. देवळातल्या लेखावर भक्तिभावानं ऑइलपेंट फासलेला असतो, नाही तर शेंदराचे थर चढलेले असतात. द्वेषानं हे कुणी करत नाही, पण अक्षर मरतं ते मरतंच. आपल्या घराचा पाया खणताना लेखाचा दगड निघाला तर तो फोडू नका, रंगवू नका. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं पडलं म्हणजे पुसट अक्षरंही उठून दिसतात. त्या वेळी फोटो काढा. तो कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून सापडला ते लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना कळवा. एवढं कुणालाही जमण्यासारखं आहे.

खोलेश्वराचं नाव अंबाजोगाईत अजून घेतलं जातं. त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे, मुलं रोज त्याच्या नावाच्या फाटकातून आत जातात. लक्ष्मीच्या नावाचं मात्र मला गावात काही दिसलं नाही. तिचं नाव आपल्यापर्यंत आलं ते एका दगडामुळे. तो फुटला असता, रंगवला गेला असता, तर एका बहिणीनं आठशे वर्षांपूर्वी इथं भावासाठी देऊळ बांधलं, हे आज सांगायला कुणी उरलं नसतं.